वाळवंटातील कासवाला सुबत्ता का मानवत नाही

अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या काही भागांत मोहावी वाळवंट पसरलेले आहे. तेथील सखल प्रदेशात वर्षभरात पंधरा सेंटीमीटरही पाऊस होत नाही, उन्हाळ्यात उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्या पुढे तापतो आणि हिवाळ्याच्या रात्री पारा गोठणबिंदूखाली उतरतो. अशा जागी पाय पसरून चालणारे, गवत आणि रानफुले खाऊन जगणारे, धावता न येणारे एक कासव लाखो वर्षे टिकून राहिले. आज त्याची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली आहे. एवढ्या खडतर जागी टिकलेला प्राणी आताच का खचावा, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच जणांना उलटे वाटेल. त्याच्यावर कोसळलेल्या संकटांपैकी मोठा भाग टंचाईतून आलेला नाही. माणसाच्या वस्तीबरोबर वाळवंटात आलेल्या जादा पाण्यातून, जादा अन्नातून आणि जादा गवतातून तो आलेला आहे. दुष्काळ त्याला मारतो हेही खरे आहे. पण दुष्काळ सोसण्याची तयारी त्याच्या शरीरात आहे, सुबत्तेची नाही.

हे कासव कोणते, हे आधी स्पष्ट केलेले बरे. एकोणिसाव्या शतकात त्याला लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून गोफेरस अगासिझी असे शास्त्रीय नाव मिळाले आणि पुढे दीडशे वर्षे मोहावीपासून मेक्सिकोतील सिनालोआपर्यंतची सगळी वाळवंटी कासवे याच एका नावाखाली मोजली गेली. २०११ मध्ये आनुवंशिक अभ्यासावरून कोलोरॅडो नदीच्या पूर्वेकडील सोनोरन कासव वेगळी प्रजाती ठरले आणि २०१६ मध्ये मेक्सिकोच्या काटेरी झुडुपी रानातील तिसरी प्रजातीही वेगळी काढली गेली. हा केवळ नामकरणाचा मामला नाही. जे कासव मोठ्या प्रदेशात पसरलेले समजले जात होते, त्याचा प्रदेश कागदावर एका फटक्यात निम्म्याहून कमी झाला आणि त्याची खरी अवस्था किती नाजूक आहे ते उघडे पडले. या लेखात मुख्यतः मोहावीतील कासवाचा विचार केला आहे.

त्याच्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ जमिनीखाली जातो. पुढचे पाय फावड्यासारखे चपटे आणि नखे जाड असतात. त्यांनी ते क्रिओसोटच्या झुडपाखाली किंवा कोरड्या ओढ्याच्या काठात बीळ खणते. बिळाचे तोंड खाली सपाट आणि वर कमानदार, म्हणजे नेमके कासवाच्या कवचाच्या आडव्या छेदासारखे असते, त्यामुळे सरावलेल्या नजरेला ते दुरूनच ओळखू येते. बाहेर भट्टी पेटलेली असताना आत हवा थंड आणि दमट राहते, आणि श्वासावाटे जाणारे पाणी वाचते. उन्हाळ्यातील बीळ उथळ असले तरी चालते; हिवाळ्याचे मात्र खोल असावे लागते, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कासव तेथे निश्चल पडून राहते. एकच कासव आपल्या परिसरात अशी अनेक बिळे राखून असते आणि त्यांच्या जागा ते वर्षानुवर्षे लक्षात ठेवते. सोडून दिलेली बिळे रिकामी राहत नाहीत. बिळातील घुबडे, साप, सरडे, उंदीरवर्गीय प्राणी आणि कितीतरी कीटक त्यांत आसरा घेतात, म्हणून कासव कमी झाले की बिळेही कमी होतात आणि त्याचा फटका या सर्वांना बसतो.

पाण्याची व्यवस्था याहून विलक्षण आहे. या कासवाचे मूत्राशय ही त्याची पाण्याची टाकी आहे. पोटभर पाणी प्यालेल्या प्रौढ कासवाच्या मूत्राशयातील द्रवाचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पुढे पाऊस पडला नाही तर शरीर त्या द्रवातील पाणी हळूहळू परत शोषून घेते, मागे उरलेले लघवीतील घटक अधिकाधिक दाट होत जातात, आणि कासव वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ पाण्याचा थेंब न पिता काढू शकते. पावसाची सर येण्याची चाहूल लागली की ते बिळाबाहेर येते, कठीण जमिनीत स्वतः खणून ठेवलेल्या उथळ खळग्याशी जाते, आणि त्यात पाणी साचू लागताच मान लांबवून, नाकपुड्या पाण्यात बुडवून बराच वेळ पीत राहते. त्याच वेळी मूत्राशयातील जुना, दाट, पांढरट गाळ बाहेर टाकून ते नव्या पाण्याला जागा करते. ही संधी वर्षातून एखाद-दोनदा मिळते, कधी तीही नाही.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. घाबरलेले कासव मूत्राशय रिकामे करते. कोणी कौतुकाने त्याला उचलले, छायाचित्रासाठी हातात धरले, तर त्याने कित्येक महिन्यांसाठी राखून ठेवलेले पाणी क्षणात वाळूत जाते, आणि पुढचा पाऊस लांबला तर त्या कौतुकाची किंमत त्याच्या जिवाने चुकवावी लागते. म्हणूनच या कासवाला हात लावण्यास कायद्याने बंदी आहे. ते रस्त्यात गाडीखाली सापडण्याच्या बेतात असेल तेवढाच अपवाद मानला जातो, आणि तेव्हाही त्याला आडवे, जमिनीलगत धरून, ते ज्या दिशेला निघाले होते त्याच बाजूला नेऊन ठेवावे असे सांगितले जाते. उभ्या गाडीच्या सावलीत कासव येऊन बसते, त्यामुळे गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पाहण्याची सूचनाही तेथील उद्यानांत दिली जाते.

पाण्याशी जोडलेली आणखी एक अडचण पोटॅशियमची आहे, आणि माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली तिच्यात आहे. वाळवंटातील पुष्कळ वनस्पतींच्या पानांत पोटॅशियम भरपूर असते, आणि ते शरीरात साठले तर विषासारखे काम करते. याच वाळवंटातील डेझर्ट इग्वाना आणि चकवाला हे सरडे हा प्रश्न नाकातील क्षारग्रंथींनी सोडवतात. ते जादा क्षार शिंकून टाकतात आणि त्यांच्या नाकपुड्यांभोवती पांढरी पापडी धरलेली दिसते. कासवाला अशा ग्रंथी नाहीत. त्याला पोटॅशियम युरिक आम्लाच्या क्षारांच्या रूपात मूत्राशयावाटेच बाहेर काढावे लागते, आणि त्यासाठी पाणी तर खर्च होतेच, शिवाय प्रथिनांतून मिळणारा नायट्रोजनही खर्च होतो. याचा अर्थ असा की पोटॅशियम जास्त आणि प्रथिने कमी असलेले अन्न खाऊन कासवाचे पोट भरले तरी शरीर तोट्यात जाते. म्हणून चांगल्या पावसाच्या वसंतात ते चरताना कमालीची निवड करते. समोर हिरवे गवत दिसत असूनही ते ओलांडून पुढे जाते आणि शेंगावर्गीय छोट्या रोपांची किंवा काही विशिष्ट रानफुलांची कोवळी पाने आणि कळ्या खुडते, कारण त्यांत पाणी आणि प्रथिने जास्त व पोटॅशियम कमी असते. ही रोपे काही आठवडेच टिकतात. त्या आठवड्यांत जे मिळाले त्यावर वाढ, अंडी आणि पुढचा कोरडा काळ अवलंबून असतो.

वाळवंटातील इतर सरपटणाऱ्या प्राण्यांनी याच अडचणींवर आपापली उत्तरे शोधली आहेत. सरपटणारे प्राणी शरीर तापवण्यासाठी अन्न जाळत नाहीत, ऊन आणि सावली यांच्या मदतीने तापमान सांभाळतात, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षा कितीतरी कमी अन्नावर त्यांचे भागते. डेझर्ट इग्वाना शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले तरी फिरत असतो, तर तेवढ्या तापमानाला कासवाच्या जिवावर बेतते. चकवाला संकट आले की खडकाच्या कपारीत शिरतो आणि फुप्फुसांत हवा भरून अंग एवढे फुगवतो की त्याला ओढून काढणे अशक्य होते. साइडवाइंडर हा साप तापलेल्या वाळूला शरीराचे थोडेच भाग टेकवत तिरका उचलत पुढे जातो. गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा शेपटीत चरबी साठवतो आणि वर्षातून मोजक्या जेवणांवर निभावतो. ॲरिझोनाने त्याला १९५२ मध्येच कायद्याचे संरक्षण दिले. त्याच्या विषातील एका घटकाच्या अभ्यासातून पुढे मधुमेहावरचे एक्झेनाटाइड हे औषध तयार झाले आणि २००५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. उपयोगी पडला म्हणून प्राणी वाचवावा हा युक्तिवाद मला फारसा पटत नाही, पण तो लोकांना पटतो हे मान्य केले पाहिजे.

आता कासवाच्या आयुष्याचा हिशेब पाहू. मादी साधारण १३ ते २० वर्षांची झाल्यावर अंडी घालू लागते. एका खेपेला बहुधा चार ते आठ अंडी, चांगल्या वर्षी दोन खेपा, क्वचित तीन, आणि दुष्काळी वर्षी कदाचित एकही नाही. कासव ५० ते ८० वर्षे जगू शकते. पिल्लांपैकी फारच थोडी मोठी होतात, पण मादी कित्येक दशके अंडी घालत राहिल्यामुळे हे नुकसान भरून निघते. या व्यवस्थेत सर्वांत मौल्यवान घटक म्हणजे जगत राहणारे प्रौढ कासव. शंभर प्रौढ कासवांपैकी दरवर्षी २ टक्के मेली, तर २० वर्षांनी त्यांतील सुमारे ६७ उरतात. दरवर्षी १० टक्के मेली, तर २० वर्षांनी जेमतेम १२ उरतात, आणि त्या काळात जन्मलेली पिल्ले तर नुकती कुठे वयात येत असतात. दहापैकी नऊ जगली, असे एखाद्या वर्षीच्या अहवालात वाचले तर ते समाधानकारक वाटते. कासवाच्या बाबतीत ते लोकसंख्या कोसळण्याचे लक्षण असते.

या हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे पिल्लांवर, घाला घालतो तो रॅव्हन. हा आकाराने मोठा, अत्यंत हुशार कावळा मोहावीत पूर्वीही होता, पण उन्हाळ्यातील पाणी आणि अन्न यांच्या अभावी त्याची संख्या मर्यादित राहत असे. रस्ते, गावे, कचऱ्याचे डेपो, सांडपाण्याची तळी आणि गाड्यांखाली मेलेले प्राणी यांनी त्याला वर्षभर आयते अन्नपाणी पुरवले, आणि झाडे नसलेल्या मैदानांत वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांनी घरट्यांसाठी उंच जागा दिल्या. गेल्या काही दशकांत रॅव्हनची संख्या अनेक पटींनी वाढली. कासवाच्या पिल्लाचे कवच पहिली पाच-सहा वर्षे नखाएवढेच लवचिक असते. रॅव्हन चोचीने ते फोडतो आणि आतले मांस काढतो. काही घरट्यांखाली अशा छिद्र पडलेल्या, तळहातात मावणाऱ्या कवचांचे अक्षरशः ढीग सापडले आहेत. म्हाताऱ्या कासवांचा गट वरवर ठणठणीत दिसत असताना त्याखालच्या पिढ्याच गायब होतात, आणि हे लक्षात यायला वीस-पंचवीस वर्षे लागतात.

रॅव्हनलाही स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे उपाय सोपा नाही. कचरा झाकणे, उघडे पाणी बंद करणे आणि रस्त्यावरील मेलेले प्राणी हटवणे हे मूळ उपाय. त्यांच्या जोडीला घरट्यातील अंड्यांवर तेल फवारले जाते, जेणेकरून ती उबत नाहीत आणि मादी दुसरी खेप घालण्याऐवजी त्यांच्यावरच बसून राहते. त्रिमितीय छपाईने बनवलेली पिल्लांची बनावट कवचे रानात ठेवून रॅव्हनला पिल्लांची धास्ती बसवण्याचे, तसेच लेझरच्या झोताने थवे हुसकावण्याचे प्रयोगही झाले आहेत. यातले मूळ उपायच सर्वांत दुर्लक्षिले जातात, कारण कचऱ्याच्या झाकणात बातमी नसते.

सुबत्तेचा दुसरा प्रकार गवताचा आहे. भूमध्य समुद्राच्या प्रदेशातून आलेले लाल ब्रोम आणि त्याच्यासारखी इतर परकी गवते मोहावीत पसरली आहेत, आणि वाहनांच्या धुरातून जमिनीवर उतरणारा नायट्रोजन त्यांना खतासारखा पोसतो. कासवाच्या दृष्टीने या गवताचा दुहेरी तोटा आहे. एक म्हणजे ते कासवाला हव्या असलेल्या रानफुलांची जागा घेते, आणि आधी सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे ते निकृष्ट अन्न आहे. केवळ अशा गवतावर ठेवलेल्या पिल्लांचे वजन वाढण्याऐवजी घटते आणि त्याची कुसळे त्यांच्या जबड्यात रुतून बसतात. दुसरे म्हणजे आग. मोहावीतील झुडपे मुळात एकमेकांपासून अंतर राखून वाढतात आणि मधली जमीन मोकळी असते, म्हणून एका झुडपाला लागलेली आग सहसा तेथेच विझत असे. वाळलेल्या गवताने ती मोकळी जागा भरून काढली आणि आगीला धावायला वाट मिळाली. २००५ मध्ये मोहावीत फार मोठ्या क्षेत्रावर आगी लागल्या. २०२० मध्ये मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रातील डोम आगीत दहा लाखांहून अधिक जोशुआ वृक्ष जळाले, आणि २०२३ मध्ये त्याच क्षेत्रात यॉर्क आग पसरली. बिळात असलेले कासव आगीतून वाचूही शकते, पण बाहेर आल्यावर सावली देणारे झुडूप उरलेले नसते. झुडपे परतायला अनेक दशके लागतात, गवत मात्र पुढच्याच पावसात परत उगवते आणि पुढच्या आगीची तयारी होते.

रस्ते सरळ मार्गाने मारतात. वर्दळीच्या महामार्गाच्या दोन्ही बाजूंना किमान ४०० मीटरपर्यंत कासवांची संख्या लक्षणीय घटलेली आढळते. त्यावर उपाय माहीत आहे आणि तो चालतो: जाळीचे ठेंगणे कुंपण, ज्याचा खालचा भाग जमिनीत गाडलेला असतो, आणि त्याच्या जोडीला रस्त्याखालच्या मोऱ्या, ज्यांतून कासव पलीकडे जाऊ शकते. आजाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नाकातून स्राव, सुजलेल्या पापण्या आणि अशक्तपणा अशी लक्षणे असलेली कासवे मोठ्या संख्येने दिसू लागली. मागे मायकोप्लाझ्मा गटातील जिवाणू होता. घरी पाळलेली कासवे दयेपोटी वाळवंटात सोडून देण्याने हा संसर्ग पसरण्यास हातभार लागल्याचे मानले जाते, आणि अशी सुटका आजही बेकायदा आहे.

वाळूतील सरड्याचे एक उदाहरण येथे मुद्दाम देतो, कारण त्यात संकट वेगळ्या वाटेने येते. कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात ऊमा नावाचा एक सरडा राहतो. त्याच्या मागच्या बोटांना खवल्यांची झालर असते, तिच्यामुळे तो सैल वाळूवरून धावतो आणि धोका दिसताच तिच्यात बुडी मारतो. त्याला हवी असते वाऱ्याने उडून आलेली बारीक, ताजी वाळू. ही वाळू डोंगरातून पुरांबरोबर ओढ्यांत येते आणि तेथून वारा ती खोऱ्यात पसरवतो. वर कुठेतरी घरे, भिंती किंवा वाऱ्याला आडवी लावलेली झाडांची रांग आली, की खाली वाळूच्या टेकड्यांना हातही न लावता त्या मरतात. बारीक वाळू उडून जाते आणि नवी येत नाही. हा सरडा १९८० मध्ये संकटग्रस्त घोषित झाला आणि १९८६ मध्ये त्याच्यासाठी संरक्षित क्षेत्र निर्माण झाले, तेव्हा सरडा जेथे दिसतो तेवढी जमीन राखून भागणार नाही, वाळू जेथून येते तो मार्गही राखावा लागेल, हे नियोजनात मान्य करावे लागले.

मोहावीतील कासवाला १९९० मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली संरक्षण मिळाले, १९९४ मध्ये सुमारे २६ हजार चौरस किलोमीटर अधिवास अत्यावश्यक म्हणून निश्चित झाला आणि पुनरुज्जीवनाची योजना आखली गेली. त्या योजनेने टिकाऊ लोकसंख्येसाठी दर चौरस किलोमीटरला किमान ३.९ प्रौढ कासवे हा आकडा धरला होता. इतके करूनही २००४ ते २०१४ या दहा वर्षांत पाहणी झालेल्या संवर्धन क्षेत्रांतील प्रौढ कासवांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. पाच विभागांपैकी चारांत घट झाली आणि केवळ ईशान्य मोहावीत वाढ दिसली. कायदा निरुपयोगी ठरला असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. कायद्याने बांधकाम आणि चराई यांना काही ठिकाणी आवर घातला, पण रॅव्हन, गवत आणि आग नकाशावरच्या रेषा मानत नाहीत.

बांधकामाच्या जागेवरची कासवे उचलून दुसरीकडे सोडणे हा उपाय वारंवार वापरला गेला आहे. सौरऊर्जा प्रकल्पांसाठी आणि लष्करी सरावाच्या विस्तारासाठी शेकडो कासवे हलवली गेली. २००८ मध्ये फोर्ट आयर्विन या लष्करी तळाच्या विस्तारावेळी पाचशेहून अधिक कासवे हलवल्यानंतर त्यांतील बरीच कोयोटींनी, म्हणजे कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या तेथील रानटी श्वानांनी, मारली आणि काम थांबवावे लागले. पुढील अभ्यासात असे दिसले की न हलवलेली स्थानिक कासवेही जवळपास त्याच प्रमाणात मारली जात होती, म्हणजे दुष्काळात ससे व उंदीर घटल्यामुळे कोयोटी कासवांकडे वळले होते. तरीही हलवण्याचा उपाय निर्दोष ठरत नाही. नव्या जागी सोडलेली कासवे सुरुवातीला आपल्या जुन्या बिळांच्या शोधात दूरवर भटकतात. त्याच भागातील एका आनुवंशिक तपासणीत तर, चार वर्षांनंतरही, ज्या पिल्लांचा पिता ओळखता आला त्यांपैकी एकाचाही पिता हलवलेला नर नव्हता. सगळे स्थानिक नर होते. कासव जिवंत आहे म्हणून ते त्या लोकसंख्येचा भाग झाले, असे गृहीत धरता येत नाही.

सध्या आशेचा अधिक आधार वाटतो तो पिल्लांना आधी वाढवून सोडण्याच्या कामाचा. गाभण माद्यांना जाळीने बंद केलेल्या आवारात आणून अंडी घालू दिली जातात, माद्या परत सोडल्या जातात, आणि पिल्लांना कवच घट्ट होईपर्यंत रॅव्हनपासून दूर वाढवले जाते. मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राजवळ, तसेच काही लष्करी तळांवर असे प्रयत्न चालू आहेत. त्यातही एक गोम आहे: या कासवांचे लिंग अंड्याच्या तापमानावर ठरते. साधारण ३१ अंशांच्या खाली नर आणि त्याच्या वर माद्या निपजतात, आणि तापमान आणखी चढले की अंडी नासतात. वाळवंट तापत असताना मादीने बीळ कोणत्या खोलीवर निवडले, कोणत्या महिन्यात अंडी घातली, यांना पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व येणार आहे. वाढवून सोडलेल्या पिल्लांच्या जगण्याचे आकडे दोन-तीन वर्षांत हाती येतात, आणि त्यांवर अहवालही लिहिले जातात. पण आज सोडलेली मादी स्वतः अंडी घालू लागली की नाही, हे तपासायला जे संशोधक जातील, ते आज बहुधा शाळेत असतील, आणि निधी मात्र तीन किंवा पाच वर्षांच्या मुदतीने मंजूर होतो.